हवा चोषण प्रणाली (मोटारगाडी)

हवा चोषण प्रणाली ही मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनाला लागणारी हवा बाहेरून आत घेणारी, गाळणारी, मोजणारी आणि प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी यंत्रणा होय. व्यवहारात तिला 'एअर इनटेक' म्हणतात. हवा आत शिरण्याचे मुख, त्यामागील नळी, एअर फिल्टरची पेटी, थ्रॉटल, मॅनिफोल्ड आणि सिलिंडरच्या माथ्यातील चोषण झडप असा हवेचा मार्ग असतो. इंजिनाची शक्ती, इंधनाचा खप, धुरातील प्रदूषके, गाडीचा आवाज आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाण्याची गाडीची क्षमता या सर्वांवर या प्रणालीच्या रचनेचा परिणाम होतो. यांतील बहुतेक गरजा परस्परविरोधी असतात. थंड हवा जिथे मिळते तिथेच पाणीही पोचते, मोठ्या नळीत हवा सहज वाहते पण आवाजही तिच्यातून सहज बाहेर पडतो. त्यामुळे ही प्रणाली म्हणजे अनेक तडजोडींचा हिशेब असतो. मुंबई, मीरा-भाईंदर, वसई यांसारख्या समुद्र व खाडीलगतच्या सखल शहरांत या हिशेबातील चूक दर पावसाळ्यात दिसून येते.

हवेची गरज

पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो धरले, तर त्याला सुमारे ११ किलो हवा लागते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला ही हवा ९,००० लिटरांहून अधिक जागा व्यापते. म्हणजे इंजिन इंधनावर चालते असे म्हटले जात असले, तरी आकारमानाने पाहता ते जवळजवळ सर्वस्वी हवाच गिळते. इंधन पंपाने हवे तेवढे आत सोडता येते. हवेचे तसे नसते. इंजिनाची कमाल शक्ती किती हवा आत येऊ शकते यावरच ठरते.

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा ओढतो. १,२०० घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तत्त्वतः त्याने मिनिटाला ३,६०० लिटर हवा घेतली पाहिजे. प्रत्यक्षात नळीतील अडथळा, झडपेची अरुंद फट आणि हवेचे तापणे यांमुळे सिलिंडर पूर्ण भरत नाही. प्रत्यक्ष शिरलेली हवा आणि सिलिंडरच्या आकारमानात मावू शकणारी हवा यांच्या गुणोत्तरास आकारमानी कार्यक्षमता म्हणतात. साध्या इंजिनांत ती ८० ते ९० टक्के असते. चांगल्या जुळवणीच्या मॅनिफोल्डने ती ठरावीक वेगाला १०० टक्क्यांच्याही पुढे नेता येते.

हवेचे वजन तिच्या तापमानावर, दाबावर आणि आर्द्रतेवर अवलंबून असते. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत आली, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ९ टक्के कमी हवा मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. टर्बोचार्जर नसलेल्या गाडीची शक्ती तेथे जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. कोकण किनाऱ्यावर दाब पूर्ण मिळतो, पण पावसाळी दमट हवेत बाष्प प्राणवायूची जागा अडवते. ३० अंश तापमान व ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेचा जवळजवळ ४ टक्के भाग बाष्पाचा असतो.

मुखाची जागा

संपूर्ण प्रणालीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे हवा घेण्याचे तोंड गाडीत कुठे ठेवायचे. बॉनेटखालील हवा इंजिनाच्या उष्णतेने तापलेली असते. वाहतूक कोंडीत, उदाहरणार्थ काशिमिऱ्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटात गाडी रेंगाळत असताना, बॉनेटखालील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. अशी तप्त हवा इंजिनाने घेतली तर शक्ती घटते. शिवाय पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याचा धोका निर्माण होतो. तो टाळण्यासाठी इंजिनाचा नियंत्रक संगणक ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि शक्ती आणखी कमी होते. म्हणून मुख बॉनेटखालील बंदिस्त जागेबाहेर, गाडीच्या पुढील ताज्या हवेत असावे हा पहिला नियम मानला जातो.

त्यासाठी सामान्यतः दोन जागा निवडल्या जातात. पहिली जागा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, बॉनेटच्या पुढील कडेच्या अगदी खाली. येथे हवा थंड मिळते आणि मुख जमिनीपासून बऱ्यापैकी उंच राहते. दुसरी जागा पुढील चाकावरील मडगार्डच्या आतील पोकळीत. येथेही हवा थंड असते, आवाज दबतो आणि बॉनेटखालची मोलाची जागा वाचते. पण चाकाने उडवलेले पाणी व धूळ जवळ असते. दुसऱ्या जागेचा वापर करताना मुख पोकळीच्या वरच्या टोकाला ठेवणे आणि ते चाकाच्या विरुद्ध दिशेला वळवणे आवश्यक ठरते. केवळ थंड हवेच्या मोहाने मुख बंपरच्या मागे खाली नेले, तर किनारपट्टीच्या शहरांत ती गंभीर चूक ठरते. बाजारात 'कोल्ड एअर इनटेक' या नावाने मिळणाऱ्या काही जोडसंचांत फिल्टर नेमका तेथेच बसवलेला असतो.

मुखातून पावसाचे थेंब थेट आत जाऊ नयेत म्हणून त्याचे तोंड खाली किंवा मागे वळवतात. त्यापुढील नळीला चढ देतात, म्हणजे जड थेंब वळणावर गळून पडतात आणि हवा पुढे जाते. फिल्टरपेटीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी लहान भोक ठेवतात. पण तेच भोक गाडी पाण्यात बुडाल्यावर पाणी आत येण्याची वाट होऊ शकते. त्यामुळे अनेक गाड्यांत त्यावर बाहेरच्या दिशेनेच उघडणारी रबरी जिभली बसवतात.

मुखाच्या जागेचा कल्पक वापर केल्याचे एक परिचित उदाहरण म्हणजे २०१२ मध्ये आलेली रेंज रोव्हर. तिच्यात हवा बॉनेट आणि मडगार्ड यांच्या सांध्याजवळून, म्हणजे जवळपास बॉनेटच्या उंचीवरून घेतली जाते. त्यामुळे तिची पाण्यातून जाण्याची घोषित खोली ९०० मिलिमीटर झाली. भारतीय गाड्यांपैकी २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारची ही खोली ६५० मिलिमीटर आहे. नेहमीच्या हॅचबॅक व सेडान गाड्यांसाठी बहुतेक उत्पादक असा आकडा ठळकपणे देत नाहीत. सखल भागात राहणाऱ्या ग्राहकाला मात्र तोच आकडा मायलेजइतकाच उपयोगी असतो.

नळी व तिचा व्यास

नळी जितकी रुंद व सरळ, तितका अडथळा कमी. वर उल्लेखिलेले १,२०० घन सेंटिमीटरचे इंजिन ८५ टक्के आकारमानी कार्यक्षमतेने ६,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ५१ लिटर हवा ओढते. नळीचा आतील व्यास ५० मिलिमीटर असेल तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर होतो; व्यास ६० मिलिमीटर केल्यास तो १८ मीटरवर येतो. वळणांतील दाबाची हानी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने केवळ १० मिलिमीटरच्या फरकाने ती जवळजवळ निम्मी होते. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणून मार्गात एक किलोपास्कल दाब गमावला की इंजिनाला साधारण एक टक्का हवा कमी मिळते. रचनाकार या हिशेबाने मुख, नळी, फिल्टर आणि थ्रॉटल यांना दाबाच्या हानीचा वाटा नेमून देतात.

नळी हवी तेवढी रुंद करता येत नाही. बॅटरी, कूलंटची टाकी, ब्रेकचा बूस्टर आणि दिव्यांचे मागील भाग यांच्यामधून ती न्यावी लागते. पादचाऱ्याला धडक बसल्यास बॉनेट खाली दबण्यास वाव राहावा म्हणून फिल्टरपेटी व बॉनेट यांच्यात अंतरही ठेवावे लागते. अनेक गाड्यांत गोल नळीऐवजी चपटी, रुंद नळी दिसते ती यामुळेच. इंजिन रबरी आधारांवर हलत असते आणि फिल्टरपेटी बहुधा गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. म्हणून दोहोंमधील नळीचा एक तुकडा घड्यांच्या रबराचा असतो. जुन्या गाड्यांत हेच रबर सर्वप्रथम तडकते.

एअर फिल्टर

हवेतील धुळीत गारेचे कण असतात आणि ते सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. ते पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्या मध्ये सापडले की दोहोंची झीज होते, इंजिन तेल जाळू लागते आणि संपीडन कमी होते. बांधकामे, उकरलेले रस्ते व अवजड वाहतूक असलेल्या उपनगरांत फिल्टर लवकर भरतो. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो मार्ग ९ चे काम चालू असलेल्या काळातील मुख्य रस्ता हे याचे जवळचे उदाहरण म्हणता येईल.

आज सर्वत्र घड्या घातलेल्या कागदाचा किंवा कृत्रिम तंतूंचा फिल्टर वापरतात. घड्यांचा हेतू पृष्ठफळ वाढवणे हा असतो. २० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर लांब चौकटीत ४ सेंटिमीटर खोलीच्या घड्या ४ मिलिमीटर अंतराने घातल्या, तर सुमारे एक चौरस मीटर कागद मावतो. नळीत सेकंदाला २६ मीटर वेगाने धावणारी हवा या कागदातून सेकंदाला अवघ्या ५ सेंटिमीटर वेगाने जाते. वेग एवढा कमी असल्यामुळेच बारीक कण अडतात आणि दाबाची हानीही थोडी होते. फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता, दाबाची हानी आणि धूळ साठवण्याची मर्यादा मोजण्याची पद्धत आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे.

थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा अधिक चांगले गाळतो, कारण कागदावर साचलेला थरही कण अडवू लागतो. त्यामुळे फिल्टर वारंवार काढून झटकण्यात लाभ नसतो. पेट्रोल पंपावरील हवेच्या जोरदार झोताने तो साफ करण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने कागदाला न दिसणारी छिद्रे पडू शकतात, आणि छिद्र पडलेला फिल्टर बदलण्यापुरताच उरतो. तेल लावलेल्या सुती जाळीचे पुन्हा धुता येणारे फिल्टरही मिळतात. त्यांना तेल जास्त लागले तर ते पुढील मापक तारेवर बसून मापन बिघडू शकते.

कागदी फिल्टर रूढ होण्यापूर्वी तेलाच्या भांड्याचा फिल्टर वापरात होता. यात हवा तेलाच्या पृष्ठभागावर एकदम वळवली जाते. वळता न आलेले धुळीचे कण तेलात अडकतात. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस भारतात जुळणीस घेतलेल्या विलीज जीपवर असा फिल्टर असे.

मापन व थ्रॉटल

कार्बुरेटरच्या काळात हवेचा वेगच इंधन ओढून घेत असे. वेगळ्या मापनाची गरज नव्हती. भारतात २००० सालानंतर उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले तसा मोटारगाड्यांतून कार्बुरेटर गेला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांनंतर तर हवेचे अचूक मापन अपरिहार्यच झाले आहे, कारण धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक हवा-इंधनाचे प्रमाण अगदी अरुंद मर्यादेत असतानाच पूर्ण क्षमतेने काम करतो.

मापनाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत विजेने तापवलेली बारीक तार किंवा पातळ पापुद्रा हवेच्या प्रवाहात ठेवतात. हवा जितकी जास्त, तितका तो थंड होतो आणि तापमान टिकवण्यासाठी तितकी जास्त वीज लागते. त्यावरून हवेचे वस्तुमान कळते. दुसरीत मॅनिफोल्डमधील दाब, हवेचे तापमान व इंजिनाचा वेग मोजून हवा किती असेल याचा हिशेब करतात. ही पद्धत स्वस्त असून लहान गाड्यांत ती विपुल आढळते. पहिल्या पद्धतीत मापकाच्या पुढे नळीला चीर पडली तर आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही. अशा 'चोरट्या' हवेमुळे मिश्रण पातळ होते, इंजिन मंद गतीवर थरथरते आणि डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागतो. मापकाच्या आधीच्या नळीची रचनाही महत्त्वाची असते. वळणानंतर लगेच मापक बसवल्यास प्रवाह गोल फिरत येतो आणि आकडा डळमळतो. म्हणून तेथे सरळ नळी किंवा बारीक जाळी ठेवतात.

पेट्रोल इंजिनाची शक्ती थ्रॉटलच्या पाकळीने हवा रोखून कमी-जास्त केली जाते. पाकळी मिटलेली असताना मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा बराच कमी दाब निर्माण होतो. त्या दाबावर ब्रेकचा बूस्टर चालतो, पण त्याविरुद्ध हवा ओढण्यात इंजिनाची काही शक्तीही वाया जाते. डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण इंधनाच्या प्रमाणाने होते. हवा मोकळी सोडलेली असते. आधुनिक डिझेल गाड्यांत दिसणारी पाकळी धुराचे पुनर्चक्रण व काजळीच्या गाळणीची सफाई यांसाठी असते.

मॅनिफोल्ड व दाबलहरी

थ्रॉटलनंतर हवा एका सामाईक कोठीत येते आणि तेथून प्रत्येक सिलिंडरकडे स्वतंत्र नळी जाते. या जोडणीस चोषण मॅनिफोल्ड म्हणतात. पूर्वी तो ओतीव ॲल्युमिनियमचा असे. आता काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे दोन-तीन कवच कंपनाच्या घर्षणाने जोडून तो बनवतात. असा मॅनिफोल्ड हलका व आतून गुळगुळीत असतो, आणि इंजिनाची उष्णता हवेपर्यंत कमी पोचवतो.

नळ्यांची लांबी ठरवणे हा या विषयातील सर्वांत रंजक भाग होय. पिस्टन खाली जाताना नळीत कमी दाबाची लहर उठते आणि ध्वनीच्या वेगाने उलट दिशेला कोठीकडे जाते. नळीचे टोक मोकळ्या कोठीत उघडत असल्याने ती तेथून उलटून जास्त दाबाची लहर म्हणून परत येते. ही परतलेली लहर झडप मिटण्याच्या थोडे आधी पोचली, तर ती आणखी हवा सिलिंडरमध्ये ढकलते. ४० सेंटिमीटर लांब नळीत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने लहरीला जाऊन परतायला २.३ मिलिसेकंद लागतात. ६,००० फेऱ्यांना तेवढ्या वेळात इंजिन सुमारे ८४ अंश फिरते आणि लहर साधारण योग्य क्षणी पोचते. ३,००० फेऱ्यांना हाच लाभ हवा असेल तर ढोबळ हिशेबाने नळी दुप्पट, म्हणजे ८० सेंटिमीटर लांब हवी. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या सुमारास काही मोठ्या इंजिनांवर सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीच्या, इंजिनावरून आडव्या ओलांडणाऱ्या नळ्या बसवल्या होत्या. कमी वेगाला जोर मिळे, पण बॉनेटखाली दुसऱ्या कशाला फारशी जागा उरत नसे.

लहान गाडीत एवढी लांबी शक्य नसते. तेथे लहरीच्या पहिल्या फेरीऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा उपयोग करतात. लाभ कमी असतो, पण नळी आखूड चालते. काही मॅनिफोल्डांत पाकळी फिरवून हवेला लांब किंवा आखूड वाट देता येते. शहरात चालणाऱ्या गाडीला लांब व तुलनेने अरुंद नळ्या सोयीच्या असतात. शर्यतीच्या गाडीला आखूड व रुंद.

आवाज

इंजिनाचा घोष केवळ एक्झॉस्टमधून येतो असा समज आहे. प्रत्यक्षात चोषणाच्या मुखातूनही मोठा आवाज बाहेर पडतो आणि तो चालकाच्या अगदी समोर असतो. तीन सिलिंडरचे इंजिन ३,००० फेऱ्यांना सेकंदाला ७५ वेळा हवा ओढते, म्हणून ७५ हर्ट्झचा घुमारा उठतो. तो शमवण्यासाठी नळीला बाजूने पोकळी जोडतात. लहरीच्या पाव लांबीची बंद नळी जोडली तर ठरावीक आवाज परतीच्या लहरीने नाहीसा होतो. पण ७५ हर्ट्झसाठी ती १ मीटरहून अधिक लांब हवी. त्याऐवजी अरुंद मानेचा डबा वापरतात. मोकळ्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर एकच सूर घुमतो, त्याच तत्त्वावर हा डबा चालतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने तो ओळखला जातो. चाकाच्या पोकळीत दडलेला काळा प्लॅस्टिकचा रिकामा डबा पाहून तो निरुपयोगी समजून काढून टाकणारे हौशी कारागीर आढळतात. त्यानंतर गाडीत घुमणाऱ्या आवाजाचे कारण त्यांना बराच काळ सापडत नाही. भारतात चालत्या वाहनाच्या आवाजाच्या मोजणीसाठी आयएस ३०२८ हे मानक आहे.

टर्बोचार्जर व सीएनजी

धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. हवेचा दाब दुप्पट केला की ती तापते. ३० अंशांची हवा शंभर अंशांच्या पुढे जाते. म्हणून मॅनिफोल्डपूर्वी ती इंटरकूलरमधून नेऊन थंड करतात. येथे नळ्यांना आतून दाब सहन करावा लागतो आणि सांधा सुटल्यास शक्ती एकदम नाहीशी होते. बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर बंपरमागे खाली असतो. त्याच्या बाहेरून पाणी गेले तरी चालते, पण त्याच्या नळीचा सांधा सैल असेल तर साचलेल्या पाण्यात तो धोक्याचा ठरतो.

महानगर गॅसच्या पुरवठ्यामुळे मुंबई, ठाणे व मीरा-भाईंदर परिसरात सीएनजीच्या रिक्षा व मोटारी विपुल आहेत. पेट्रोलची वाफ मिश्रणात अगदी थोडी जागा घेते. मिथेन वायूचे योग्य मिश्रण मात्र आकारमानाने साडेनऊ टक्के वायूचेच असते. वायू मॅनिफोल्डमध्ये सोडल्यास तेवढी हवा बाहेरच राहते. सीएनजीवर गाडीचा जोर कमी लागतो त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

पावसाळा, पाणी आणि हायड्रोलॉक

मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील महानगर मुंबईच्या दहिसर उपनगराला लागून उत्तरेस वसले आहे. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मधल्या भागात मिठागरे व खारफुटीची सखल जमीन आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी आणि भरतीचे पाणी एकाच वेळी आले की नाले खाडीत रिकामे होऊ शकत नाहीत आणि रस्त्यावर पाणी साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मुंबई महानगर परिसरात असंख्य गाड्या पाण्यात बंद पडल्या. त्यांपैकी ज्यांची इंजिने तुटली, त्यांच्या हानीचे मूळ चोषण प्रणालीत होते.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ४०० घन सेंटिमीटरच्या सिलिंडरचे संपीडन गुणोत्तर १० असेल, तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या माथ्यावर सुमारे ४४ मिलिलिटर जागा उरते. म्हणजे साधारण तीन मोठे चमचे पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला वर जाण्यास जागाच राहत नाही. या अवस्थेस हायड्रोलॉक म्हणतात. ३७५ घन सेंटिमीटरच्या डिझेल सिलिंडरचे गुणोत्तर १६ धरले, तर ही जागा केवळ २५ मिलिलिटर असते. म्हणून डिझेल इंजिन या बाबतीत अधिक नाजूक ठरते. इंजिन मंद गतीवर असताना पाणी शिरले तर ते बहुधा अडकून थांबते. वेगात असताना शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तो इंजिनाची बाजू फोडून बाहेर येतो.

कागदी फिल्टर पाणी अडवतो ही समजूत चुकीची आहे. तो भिजला की प्रथम हवा अडते, नंतर चोषणाच्या जोराने पाणी कागदातून ओढले जाते. दुसरी दिशाभूल पाण्याच्या पातळीबद्दल होते. उभ्या गाडीच्या मुखापेक्षा पाणी खाली असले तरी चालत्या गाडीपुढे लाट उठते आणि वेग वाढवला की ती उंच होते. समोरून एखादी बस गेली तर तिची लाट बॉनेटवर चढते. उत्पादक देतात ती खोली अगदी संथ गतीसाठी असते. संथ व स्थिर वेगाने गेल्यास लाट गाडीच्या किंचित पुढे राहते आणि तिच्यामागे बॉनेटखाली पाणी थोडे खालावते. मैदानी वापराच्या गाड्यांना छताच्या उंचीपर्यंत जाणारी नळी, म्हणजे स्नॉर्कल, बसवतात. फिल्टरपेटीचे निथळण्याचे भोक व सर्व सांधे बंद केले नसतील तर तिचा उपयोग केवळ शोभेपुरता होतो.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न हे हानीचे सर्वांत सामान्य कारण असते. पहिल्या वेळी इंजिन नुसतेच गुदमरून थांबलेले असू शकते. स्टार्टर फिरवल्यावर आत आलेले पाणी रॉड वाकवते. अशा वेळी गाडी ढकलून किंवा ओढून कोरड्या जागी नेतात, फिल्टरपेटी उघडून ओल तपासतात, स्पार्क प्लग किंवा डिझेल गाडीत ग्लो प्लग अथवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतात आणि पाणी बाहेर काढतात. तेलाचा रंग दुधाळ झाला असेल तर तेही बदलावे लागते. किंचित वाकलेल्या रॉडने इंजिन चालू होते, पण त्या सिलिंडरचे संपीडन कमी राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रॉड तुटतो. म्हणून दुरुस्तीत प्रत्येक सिलिंडरचे संपीडन मोजणे आवश्यक मानतात. भारतातील नेहमीच्या सर्वंकष मोटार विम्यात परिणामजन्य हानी वगळलेली असल्याने पाण्यात गाडी सुरू करून झालेले इंजिनाचे नुकसान सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे पूरक कवच वेगळे घ्यावे लागते. त्याच्या अटींत बुडालेले इंजिन पुन्हा सुरू करण्याबाबतचे कलम असू शकते.

रचनेची चाचणी

नवी प्रणाली प्रथम संगणकावर तपासली जाते. दाबलहरींसाठी एकमितीय प्रतिमान आणि नळीतील प्रवाहासाठी त्रिमितीय विश्लेषण करतात. नंतर प्रत्यक्ष नमुना प्रवाहमापक मेजावर आणि इंजिन डायनामोमीटरवर घेतात. धूळ, आवाज व उष्णता यांच्या चाचण्यांबरोबर पाण्याने भरलेल्या उथळ खंदकातून गाडी वेगवेगळ्या वेगाने नेऊन फिल्टरपेटीत किती पाणी आले हे मोजले जाते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचणीचे व प्रमाणीकरणाचे काम करते. टाटा मोटर्सचे अभियांत्रिकी संशोधन केंद्रही पुण्यातच आहे. खंदकातील पाणी स्वच्छ व तळ सपाट असतो. शहरातील साचलेल्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगतात, झाकण नसलेली गटारे दिसत नाहीत आणि समोरच्या वाहनाचा वेग चालकाच्या हाती नसतो. म्हणून चाचणीतील आकड्यापेक्षा मुख बरेच उंच ठेवण्याकडे अनुभवी रचनाकारांचा कल असतो.